बाण नसलेला कागद

गिंडी, चेन्नई
६ मे

गुरुमूर्ती काका,

नमस्कार. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुम्ही "कोण? ऐकू येत नाही" म्हणून ठेवून दिलात, तेव्हा आपलं जुनंच बरं. कागद, पाकीट, पोस्ट. तुमचं मांबळम आणि माझी गिंडी यांच्यामध्ये फक्त एक सैदापेट स्टेशन, आणि तरी आपण पत्रं लिहितो म्हणून ऑफिसात हसतात. हसू देत. या शहरात मला मराठीत लिहिणारा एकच माणूस माहीत आहे, तो मी सोडणार नाही.

बातमी अशी की आपला 'कलंड' आता टीव्हीवर येतोय. तीन वर्षं लोक तो फोनवर बोटाने खेळले. दगड ढकलायचा, फळी कलंडवायची, वरची गोटी खालच्या स्टीलच्या टंबलरात पाडायची. आता तोच खेळ कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्रावर न्यायचाय. हातात बटणांचा कंट्रोलर धरून लोक सोफ्यावर बसून खेळतील. सप्टेंबरात बाजारात आणायचं ठरलंय. आमचा मालक हरिप्रसाद म्हणतो की हे जमलं तर कंपनी राहील. नाही जमलं तर काय, ते तो बोलत नाही, पण आम्ही पाच जण सगळे समजून आहोत.

त्यासाठी तुमचे सगळे ग्राफ पेपर पुन्हा काढले. सत्त्याऐंशी लेव्हल, सत्त्याऐंशी कागद, आणि प्रत्येकावर बोट कुठे लावायचं त्याचा तुमचा लाल पेन्सिलीचा बाण. पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं मशीन ड्रॉइंग शिकवलेल्या माणसाचे कागद कसे असतात ते नवीन मुलांना दाखवते मी. एक लक्षात आलं. साठाव्या कागदापर्यंत तुम्ही दगडांच्या कडा हातानं काढल्यात, छान ओबडधोबड. एकसष्टपासून सगळं पट्टीनं. शिस्त वाढली वाटतं.

एकच अडचण आहे. शेवटच्या, सत्त्याऐंशीव्या कागदावर बाणच नाही. सात दगडांची उतरंड, वर गोटी, खाली टंबलर, बस. बाण काढायचा राहून गेला का? कळवा.

मी बरी आहे.

तुमची स्वरदा


पश्चिम मांबळम
१३ मे

श्री

स्वरदाबाईंस गुरुमूर्तीचा आशीर्वाद.

पत्र पावलें. आनंद जाहला. कत्तिरी, म्हणजे इकडचा भर उन्हाळा, सुरू आहे, बारा वाजतां रस्त्यावर कावळाही नसतो. अक्षर वाईट आलें आहे, पेन नीट चालत नाहीं, सांभाळून घेणें.

टीव्हीवर येतो हें फार चांगलें. फोन लहान पडतो. साठ लेव्हल मीं खेळून पुऱ्या केल्या, पुढच्या सत्तावीस काढिल्या मात्र, खेळलों नाहीं. आपण काढिलेला खेळ आपणच शेवटपर्यंत पाहिला नाहीं, हें मनाला लागून आहे. टीव्हीवर पाहीन म्हणतों. तेवढी एक इच्छा आहे.

मुलगा वेंकट ओरगडमच्या ट्रक फॅक्टरींत आहे, ठाऊकच आहे तुम्हांस. पहाटे साडेचारला कंपनीची बस, घरीं येतो तों डोळे मिटलेले असतात. सून रंजनी मजकडे पाहते. घरांत आम्ही पूर्वजांची मराठी बोलतों, पण लिहीत कोणी नाहीं. म्हणून तुमचें पत्र आलें कीं मीं दोनदां वाचितों.

सत्त्याऐंशीवा कागद आहे तसा बरोबर आहे. सवडीनें सांगेन.

गुरुमूर्ती


गिंडी
८ जून

गुरुमूर्ती काका,

नमस्कार. सवडीनं सांगेन म्हणालात, पण इथे सवड कोणाला आहे? म्हणून मीच मार्ग काढलाय. आधी ऐका काय काय झालं ते.

फोनवर आपलं इंजिन सेकंदाला तीस वेळा गणित करतं, कुठला दगड कुठे पोचला त्याचं. कन्सोलवर साठ वेळा. वाटलं होतं, दुप्पट गणित म्हणजे दुप्पट बरोबर. कसलं काय. बत्तिसाव्या लेव्हलची गोटी टंबलरच्या काठावर आपटून बाहेर जायला लागली. चाळिसाव्यात फळी आपोआप उडाली. एक दुरुस्त करावं तर दोन मोडतात. पाच आठवडे हेच चाललंय. जेवायला बसले तरी डब्यातला भात कुठल्या बाजूला कलंडेल ते बघत बसते.

शेवटी मूळ सापडलं, आणि ती माझीच तीन वर्षांपूर्वीची चूक निघाली. एकावर एक ठेवलेले दगड पडद्यावर स्थिर दिसायचे, पण आतून बारीक थरथरत असायचे. दर गणितात केसाएवढी चूक राहायची आणि ती साठत जायची. आता मी नियमच घातलाय, की थांबलेला दगड झोपवून टाकायचा. आमच्या कामात त्याला खरंच झोपवणं म्हणतात. या ऑफिसात झोप मिळते ती तेवढ्या दगडांनाच.

आता एकही दगड थरथरत नाही. उतरंड अशी उभी राहते की बघत राहावं.

आणि सत्त्याऐंशीला डाव्या बाजूला मी एक फळी दिलीय. कंट्रोलरची छोटी दांडी अगदी हळू, नेमकी सरकवली की फळी उतरंडीला धक्का देते आणि गोटी पडते. जरा अवघड आहे, पण शेवटची लेव्हल अवघडच असावी. तुमच्या कागदावर लाल बाणही मीच आखला. रागावू नका.

ऑफिसचा जुना लॅपटॉप आणि एक कंट्रोलर कुरिअरने पाठवतेय. रंजनीवहिनींना टीव्हीला जोडायला सांगा. तुमची इच्छा सप्टेंबरपर्यंत कशाला थांबवायची? पहिल्या साठ लेव्हल तुम्ही खेळलेल्याच आहेत, म्हणून सगळ्याच उघड्या ठेवल्यात.

मी बरी आहे.

स्वरदा


पश्चिम मांबळम
२ जुलै

श्री

स्वरदाबाईंस आशीर्वाद. मी सांगतों, रंजनी फोनवर टाईप करिते, आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानांतून कागद काढून आणिते. पेन अजून दुरुस्त जाहलें नाहीं.

यंत्र पावलें. टीव्हीवर फार सुंदर दिसतें. दगडांच्या कडा मीं काढिल्या तशाच आहेत, आणि टंबलरवर ट्यूबलाइटची चमक पडते ती कोणाला सुचली, त्यास शाबासकी सांगणें.

सत्त्याऐंशीवी पाहिली. फळी ढकलणें मजला जमलें नाहीं. दोष तुमचा नव्हे. तुम्ही पुष्कळ खपलां आहां. खेळ लोकांसाठीं असतो, माझ्यासाठीं नव्हे. आहे तसें राहूं द्या. परवाइल्लै, चालायचेंच.

गुरुमूर्ती

ताई, मी रंजनी. हे खालचे मामंजींनी सांगितलेले नाही. माझी मराठी बोलायची आहे, लिहायची नाही, चुकेल तर समजून घ्या.

पेन चांगले आहे. मामंजींचा उजवा हात कापतो. तीन वर्षे झाली असतील. डॉक्टरकडे मीच नेते. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगू नको म्हणून माझ्याकडून शपथ घेतली आहे. हे घरी असले की मामंजी हात मांडीखाली दाबून बसतात, नाहीतर टॉवेल टाकतात. हे दमून येतात, बघत नाहीत.

तुमचे यंत्र जोडले त्या दिवशी मामंजी आंघोळ करून, धुतलेले वेष्टी नेसून बसले. म्हणाले, शेवटचे लाव. मी ते बटणाचे हातात द्यायला गेले तर म्हणाले, नको, खाली ठेव. आणि बघत बसले. मी भाजी चिरून आले, कुकर लावून आले, तरी बघत होते. दोन तास. मी विचारले, काय बघता? म्हणाले, ते आपणहून पडते. फोनमध्ये दगड आपणहून सरकत होते.

पडले नाही, ताई. मग म्हणाले, बंद कर, मला चुकीचे आठवत असेल. त्या दिवशी जेवले नाहीत.

मी सांगितले असे कळवू नका.


गिंडी
१७ जुलै

काका,

रंजनीवहिनींनी मला सगळं सांगितलंय. त्यांनी कळवू नका म्हटलं होतं, आणि मी कळवतेय. त्यांच्यावर रागावू नका, रागावायचं तर माझ्यावर रागवा.

तुमचे कागद पुन्हा जमिनीवर मांडले. एकसष्टपासून पट्टी का आली ते आता दिसतंय. मी त्याला शिस्त म्हणाले होते. तीन वर्षं तुमचे कागद रोज हाताळतेय मी, आणि मला शिस्त दिसली. लाज वाटते.

सत्त्याऐंशीवर बाण राहून गेला नव्हता. तिथे बोट लावायचंच नव्हतं. माझे दगड थरथरतात हे मला कळायच्या आधी तुम्हाला कळलं होतं, आणि ते हळूहळू सरकून आपोआप पडतात एवढ्यावर तुम्ही एक अख्खी लेव्हल काढलीत, हाताशिवाय पुरी होणारी. फोनवर लोक तिथे कुठेही बोटं मारायचे आणि गोटी पडायची. त्यांना वाटायचं आपण पाडली. मलाही तेच वाटायचं. आणि मी काय केलं, तर दगड झोपवले, फळी घातली, आणि तुमच्या कागदावर माझा बाण काढला.

मागच्याच आठवड्यात मी ते सगळं उलटं केलं. फक्त सत्त्याऐंशीपुरतं इंजिन जुन्यासारखं, सेकंदाला तीस वेळा, दगड जागे. फळी काढली. बेचाळीस सेकंद लागतात. मग गोटी पडते.

पण कन्सोलवाल्या कंपनीचे तपासणारे लोक असतात. त्यांनी मान्य केल्याशिवाय खेळ विकता येत नाही. एकदा किरकोळ कारणाने परत आला होता, आता दुसऱ्यांदा परत आला. शेरा असा, की शेवटच्या लेव्हलला चित्र गोठतं, बटण दाबून काही होत नाही, वीस सेकंदांनी बंद केलं. वीस सेकंद. अजून बावीस थांबले असते तर पडली असती. पण त्यांनी तरी का थांबावं? बटण दाबून काही झालं नाही तर मीही बंदच केलं असतं.

हरिप्रसाद म्हणतो, फळी परत घाल नाहीतर लेव्हल काढून टाक. तिसऱ्यांदा परत आलं तर सप्टेंबर गेला, आणि आमची पाच टेबलंही गेली. तो वाईट माणूस नाही. महिनाभर तोही ऑफिसच्या सोफ्यावर झोपतोय. "खाली 'थांबा' असं लिहू का?" विचारलं, तर म्हणाला, मग कोडं कसलं राहिलं? तेही खरंच आहे.

काका, मी थकलेय. कऱ्हाडला जाऊन दीड वर्ष झालं. आई फोनवर विचारते काय जेवलीस, आणि मला आठवत नाही. भांडायला अंगात जोर लागतो, तो माझ्यात उरलेला नाही. पुढच्या बुधवारी खेळ पुन्हा पाठवायचाय आणि मी फळी परत घालणार आहे. तुमच्या पाठीमागे करायचं नव्हतं म्हणून लिहितेय.

स्वरदा


पश्चिम मांबळम
२० जुलै
स्पीड पोस्टनें

श्री

स्वरदा,

आज बाई म्हणत नाहीं. रंजनी टाईप करिते आहे, तिच्यावर रागावलों नाहीं. दोन दिवस बोललों नाहीं, तेवढेंच.

पहिलें सांगतों. हरिप्रसादांचें बरोबर, तपासणारांचेंही बरोबर. बंद पडलेलें यंत्र आणि वाट पाहणारें यंत्र बाहेरून सारखेंच दिसतें. त्यांतला फरक दाखविणें हें ड्रॉइंग काढणाऱ्याचें काम. तें मीं केलें नाहीं. बाण काढिला नाहीं, आणि बाण कां नाहीं तेंही कोणास सांगितलें नाहीं. सांगायला लागलों असतों तर हाताचें सांगावें लागलें असतें. म्हणून तुझी चूक म्हणूं नको. माझी आहे.

आतां उपाय. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपांत दाराशीं एक ओळंबा टांगलेला असे, गवंडी भिंत सरळ पाहायला धरितात तो. दोरी आणि खालीं पितळेचा लट्टू. कोणी शिवत नसे, तरी तो एवढासा हालत असे. सत्त्याऐंशीव्या कागदावर उजव्या हाताला, टंबलरच्या वर चार घरें सोडून, तसा एक ओळंबा टांग. दगडांस लागूं देऊं नको. एक बोटभर इकडे, एक बोटभर तिकडे, तेवढाच हालला पाहिजे. हालतांना दिसला कीं माणसाला कळेल, यंत्र बंद पडलेलें नाहीं. मग कोणी बेचाळीस सेकंद थांबेल, कोणी थांबणार नाहीं. त्यावर आपला इलाज नाहीं.

एवढें करूनही तपासणारांनी नको म्हटलें तर फळी घाल. त्या वेळीं मजला विचारूं नको. पांच माणसांचीं टेबलें माझ्या गोटीपेक्षां मोठीं आहेत, हें मीं मनापासून सांगतों.

आतां माझें. मजला एक तरी लेव्हल स्वतः पुरी करायची होती. शेवटची, म्हणजे सगळा खेळ पुरा केल्यासारखें होईल असें वाटलें. म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरें कांहीं नव्हे. वेंकटला सांगितलें नाहीं, कारण तो दिवसभर फॅक्टरींत दुसऱ्यांच्या कामांतल्या चुका शोधितो. घरीं येऊन त्यानें बापांतलीही शोधावी हें मजला सोसवत नाहीं.

आणि तुझें. ह्या पत्राच्या आधींच्या दोन पत्रांच्या शेवटीं तूं 'मी बरी आहे' असें लिहिलेंस. बरा असलेला मनुष्य तें लिहीत नाहीं, मीं तीन वर्षें तेंच सांगत आलों आहें म्हणून ठाऊक आहे. काम जालें कीं कऱ्हाडला जा. आईच्या हातचें जेव, आणि काय जेवलीस तें मजला कळीव.

गुरुमूर्ती


गिंडी
४ सप्टेंबर

काका,

ओळंबा टांगला. चार घरं सोडून, टंबलरच्या वर, पितळी. तुम्ही सांगितलंत तेवढाच हालतो. हरिप्रसादला तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्याला मराठी येत नाही, मी तमिळमध्ये सांगत गेले, माझ्या मोडक्यातोडक्या. टेबलांच्या ओळीपाशी आल्यावर तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा म्हणाला, आहे तसंच पाठव, शिव्या मी खातो.

पाठवायच्या आधी ती लेव्हल दोनशे वेळा तपासली. दोनशे वेळा बेचाळीस सेकंद, कंट्रोलर टेबलावर, हात मांडीवर. सगळ्या वर्षात मी एवढी स्वस्थ कधी बसले नव्हते. पहिल्या वीस-पंचवीस वेळा जीव नुसता तडफडला. नंतर सवय झाली.

काल उत्तर आलं. खेळ मान्य. खाली एकच प्रश्न होता, की शेवटची लेव्हल काहीही न दाबता पूर्ण होते, हे मुद्दाम आहे का? हरिप्रसादने माझ्या देखत टाईप केलं, "हो." म्हणजे या वेळी कोणीतरी थांबलं होतं, काका. कोण ते मला कधी कळणार नाही.

वीस तारखेला बाजारात येतोय. गोटी पडल्यावर नावं येतात, त्यात पहिलं तुमचं.

माझा बाण खोडून तुमचे सगळे कागद कुरिअरने परत पाठवलेत. मी उद्या कऱ्हाडला निघतेय, पंधरा दिवस. काय जेवले ते तिथून कळवते.

तुमची
स्वरदा


पश्चिम मांबळम
२९ सप्टेंबर

श्री

चि. स्वरदेस,

हें पत्र माझ्या हातचें आहे. लिहायला तीन दिवस लागले. अक्षर लागलें नाहीं तर रंजनीस विचारूं नको, मजला विचार.

पिठलें-भाकरीचें तुझें पत्र पावलें. चार दिवस रोज तेंच खाल्लेंस, हें वाचून बरें वाटलें.

रविवारीं वेंकटला सुट्टी होती. टी. नगरला जाऊन त्यानें खेळाचें यंत्र आणिलें, माझें नांव येतें तें पाहायचें म्हणाला. सकाळपासून तो खेळत होता. एक-एक अडली कीं मजला विचारी, मी कागद दाखवीं. आठवडाभराच्या कामाचा शीण होता तरी उठला नाहीं. संध्याकाळीं सत्त्याऐंशीवर आला. सगळीं बटणें दाबून पाहिलीं, मग कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, अप्पा, ही तुम्हीच करा.

मीं कंट्रोलर तसाच राहूं दिला. हात मांडीखालून काढिला आणि वर ठेविला. टॉवेल घेतला नाहीं. पडद्यावर ओळंबा हालत होता, इकडे हात हालत होता. रंजनी दारांत उभी होती. बेचाळीस सेकंद फार होतात, स्वरदा, तूं दोनशें वेळा कशीं काढिलींस कोण जाणे.

गोटी पडली. नांव आलें. वेंकट टीव्हीकडे पाहतच नव्हता.

किती दिवस झाले, अप्पा, म्हणून विचारलें त्यानें.

मीं म्हणालों, एकसष्टाव्या कागदापासून.

मग तो उठला, कपाटांतून सगळे कागद काढिले, आणि जमिनीवर बसून साठावा आणि एकसष्टावा शेजारीं शेजारीं ठेवून पुष्कळ वेळ पाहत राहिला. माझा हात त्यानें धरून ठेविला होता.

गुरुमूर्ती